हाकेचं बटण

३ जून

सावकाशराव,

पत्राची सुरुवात कशी करायची यातच माझी अर्धी सकाळ गेली. नावाने केली असती तर तू म्हणाला असतास, ही रागावलीय. 'प्रिय' लिहिलं असतं तर म्हणाला असतास, हिचं काहीतरी काम आहे. काम आहेच. म्हणून आपलं जुनंच नाव.

फोन तू उचलत नाहीस. तेरा वेळा करून पाहिला, शेवटी मलाही काही लाजलज्जा आहे. मग वन्संकडे पत्ता मागितला. आधी म्हणाल्या, "मला तुमच्या दोघांच्या मध्ये घेऊ नकोस गं बाई," आणि मग कितवा मजला, कुठल्या बाजूचं दार, सगळं सांगितलं. "पत्र लिही, पत्र फाडणार नाही तो," असंही म्हणाल्या. बघू.

मुद्द्याचं सांगते. आमचा गेम एकदाचा होत आलाय. चार वर्षं, चारशे माणसं, आणि कंपनीने पणाला लावता येईल ते सगळं लावलेलं. गोष्ट तुला माहीत आहे: आटलेल्या समुद्राच्या तळावरून चालत निघालेली मुलगी आणि तिला वाट दाखवणारा म्हातारा वाटाड्या. खेळणारा माणूस म्हणजे ती मुलगी. वाटाड्याच्या ओळी मी लिहिल्या, आणि खरा नट मिळेपर्यंत कामचलाऊ म्हणून तुझ्याकडून म्हणवून घेतल्या. तू कपड्यांच्या कपाटात, कोटांच्या मध्ये, डोक्यावर रजई. मी बाहेर फरशीवर, मांडीवर लॅपटॉप. तीन रविवारच्या दुपारी, दोनशे बारा ओळी. नट आला की तुझं सगळं पुसून टाकीन असा मी शब्द दिला होता.

नट आला. मोठा माणूस. दीड दिवसात सगळं म्हणून गेला, एक उच्चार चुकला नाही. मग आम्ही बाहेरच्या लोकांना बोलावून दोन्ही आवाजांवर खेळायला बसवलं. नटाबद्दल सगळे म्हणाले, छान आहे. तुझ्याबद्दल कोणी काहीच म्हणालं नाही. फक्त खेळताना हाकेचं बटण सारखं दाबत राहिले.

हे बटण नंतर आलं, तुला ठाऊक नसेल. ते दाबलं की मुलगी हाक मारते आणि वाटाड्या जिथे असेल तिथून म्हणतो, "आहे, आहे," तुझ्याच जुन्या ओळींतलं. बस्स. त्याने पाणी मिळत नाही, हत्यार मिळत नाही, काही म्हणजे काही मिळत नाही. तरी लोक दाबतात. आमच्या ध्वनिविभागात एक आहे, सगळे त्याला कानसेन म्हणतात. तो मला म्हणाला, "हा नट नाही. हा माणूस खरंच तिथे आहे. कोण आहे हा?"

मी म्हटलं, लिफ्ट दुरुस्त करतो. बंद पडलेल्या लिफ्टमधल्या माणसांशी दाराबाहेरून बोलत बसायची त्याला सवय आहे.

'माझा नवरा' म्हणाले नाही. आता काय म्हणायचं ते मला माहीत नाही.

तर सोबतच्या कागदांवर सही हवी आहे. नको असेल तर नको म्हण, नटाचा आवाज तयार आहे. पण पंधरा जुलैच्या आत कळव.

आणि कोणी तुला सांगितलं असेल की वाटाड्या निघून जातो तो प्रसंग तुझ्यावरून घेतलाय, तर तसं अजिबात नाही. तो मी तू जायच्या आधीच लिहिला होता.

मी


१९ जून

सावकाशराव,

सोळा दिवस झाले. नावाला जागतोस म्हणायचं.

रागावलेली नाही. खरं म्हणजे आहे, पण तुझ्यावर नाही. इथे माझ्या त्या प्रसंगावरून रामायण सुरू आहे आणि सांगायला कोणी नाही. आईला सांगितलं तर ती म्हणते, "अगं, मग आण ना त्याला परत, तुझ्याच हातात आहे ना सगळं?" ती गेमबद्दल बोलत होती. मला क्षणभर कळलं नाही.

तुला शेवटपर्यंत कधी नीट सांगितलं नव्हतं, तर ऐक. वाटाड्या तीस तास सोबत असतो. चेष्टा करतो, पाणी देतो, मागे वळून बघत राहतो. मग एका मिठाच्या उंचवट्यावर थांबतो आणि म्हणतो, "मी इथवरच. पुढचं तुझं तू बघ." आणि जातो. मेला नाही, कोणी पळवला नाही, रुसला नाही. गेला. पुढचे दहा तास खेळणारा एकटा. हाकेचं बटण मात्र मी काढलं नाही. दाबलं की मुलगी हाक मारते आणि पलीकडून काही येत नाही.

आमच्याकडे दोष शोधायला माणसं ठेवलेली असतात. सापडला की ते एक नोंद करतात आणि ज्याचा दोष त्याच्या नावावर पाठवतात. माझ्या नावावर रोज एक येते. "हाक मारल्यावर उत्तर येत नाही." मी लिहिते, "दोष नाही, असंच आहे," आणि बंद करते. दुसऱ्या दिवशी दुसरा कोणीतरी तीच उघडतो. परवापर्यंत एकतीस झाल्या. एका पोराने तर खाली लिहिलं होतं, "असंच कसं असेल?"

गेल्या आठवड्यात चाचणीच्या खोलीत, काचेपलीकडे, एक बाई खेळत होती. पन्नाशीची असेल, पर्स मांडीवर घेऊनच बसली होती. वाटाड्या गेला. तिने हाक मारली. पुन्हा मारली. मग ती जागची हलेचना. अकरा मिनिटं नुसती त्या मिठात उभी राहून हाका मारत होती. आमच्या बाजूला दोघंतिघं हसायला लागले, मग त्यांनीही खुर्च्या काचेजवळ ओढल्या. शेवटी तिने रिमोट हळूच टेबलावर ठेवला आणि विचारलं, "माझं काही चुकलं का?"

त्यावर बैठक. तारीखबाई, म्हणजे गेम वेळेत बाहेर काढणं ज्यांच्या डोक्यावर आहे त्या, म्हणाल्या, "अगं, लोक दिवसभर दमून येतात. त्यांना एकटं पाडायला आपण एवढा पसारा मांडलाय का?" बाई वाईट नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या. गेम लहान असता तर कोणी विचारलंही नसतं. चारशे जणांच्या पोटाचा प्रश्न आला की माणसं घाबरतात. मलाही भीती वाटते, पण मी बैठकीत तसं दाखवत नाही. कप्तान, आमचा दिग्दर्शक, अजून माझ्या बाजूने आहे. तो म्हणतो, "तू लढ, मी बघतो." कप्तानचं बघणं म्हणजे वारा बघणं.

मी लढतेय. डबा जागेवरच खाते, कारण कँटीनमध्ये मी दिसले की लोक विषय बदलतात. घरी आले की सगळ्या खोल्यांतले दिवे लावते. हल्ली मोठ्याने बोलतेही, कपाटाशी वगैरे नाही, इतकी अजून पोचलेली नाही. पण भाजी जळली की "गेली कामातून" असं कोणाला तरी सांगितल्यासारखं म्हणते आणि कढई घासायला घेते.

सही कर किंवा करू नकोस. नुसता कोरा कागद पाठवलास तरी चालेल.

मी


७ जुलै

तुझं कार्ड आलं. एक ओळ. "त्या जाण्याच्या ओळी माझ्याकडून म्हणवून घेतल्यास तेव्हा तुझ्या मनात काय होतं?"

याचं पहिलं उत्तर मी लिहून फाडलं. त्यात होतं, काय असणार, काम होतं. दुसरंही फाडलं. त्यात तुझेच चार दोष काढले होते आणि ते बरे जमले होते. आता हे तिसरं. फाडायच्या आत टपालात टाकणार आहे.

सतरा वेळा म्हणायला लावलं मी तुला. आठवतंय. पहिल्यांदा तू रागाने म्हटलंस, मी म्हटलं राग नको. मग रडवेलं म्हटलंस, मी म्हटलं छे, नाटकी होतंय. मी बाहेरून म्हणत राहिले, "अजून साधं. दमलेला आहे तो, रागावलेला नाही. परत." बाराव्या वेळी तू रजई बाजूला केलीस. घामाने चेहरा भिजला होता. विचारलंस, "पण हा का जातोय? तिने काही केलं का?"

मी म्हटलं, "काही केलं नाही म्हणूनच जातोय."

तू "बरं" म्हणालास आणि पुन्हा रजईत गेलास.

तर माझ्या मनात हे होतं. तेव्हा आपण घरात काय बोलायचो, आठव. गॅस बंद केलास का. किल्ली घेतलीस का. उद्या मला उशीर होईल. तीनच वाक्यं आलटून पालटून. माझ्या गेममधल्या दुकानदारालासुद्धा मी चाळीस वाक्यं दिलीत रे. मला दिसत होतं आपलं काय होतंय ते, आणि तोंडाने बोलायची हिंमत नव्हती. मला फक्त लिहिता येतं. म्हणून मी ते लिहिलं आणि तुझ्या हातात दिलं. वाटलं, वाचताना तू थांबशील, विचारशील, "हे काय आहे? हे आपलं आहे का?" मग मी हो म्हणेन. मग आपण बोलू. असा सगळा बेत होता. लिहिणाऱ्या बाईचा बेत, दुसऱ्याने आपली ओळ बरोबर वेळेला म्हणायची असा.

तू विचारलंस. बाराव्या वेळी विचारलंस. आणि मी तुला वाटाड्याबद्दल उत्तर दिलं.

वन्सं मागे एकदा म्हणाल्या, तुला वाटलं की मी तुला जा म्हणून सांगतेय, तुझ्याच तोंडून. मी तेव्हा त्यांच्यावर चिडले होते. आता तुझ्या जागी बसून बघितलं, तर दुसरं काय वाटणार? सतरा वेळा.

आता दाराचं. ते तू विचारलं नाहीस, पण त्याशिवाय हे पत्र खोटं होईल. तू बॅग घेऊन दारात उभा होतास. म्हणालास, "मी निघतो. तुझं तू बघशील ना?" राग नाही, रडं नाही, दमलेला आवाज. आणि मी, मेलीने, म्हटलं, "हे! हे असंच हवं होतं."

निघून गेलं तोंडातून. मी महिनोन् महिने दिवसाचे बारा तास तो प्रसंग ऐकत होते, माझे कान त्यातच अडकले होते. हे कारण आहे, सबब नाही. तू माझ्याकडे बघितलंस, काहीच न समजल्यासारखं. मग समजल्यासारखं. आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरलास. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं, पण मी धावले नाही. चार मजले तुझी पावलं ऐकत उभी राहिले. हाक मारली असती तर तिसऱ्या मजल्यापर्यंत तुला ऐकू गेली असती.

मला माफ कर. हे मी कोणाकडून म्हणवून घेतलेलं नाही.

मी


१६ जुलै

सावकाशराव,

कागद मिळाले. सही आहे, दोनशे बारा ओळींना परवानगी आहे, आणि सातवं कलम तू शाईने खोडलंस. म्हणजे तुझ्या आवाजात मशीनकडून नवीन शब्द म्हणवून घ्यायचे नाहीत. बाजूला पुन्हा सही. एवढे किचकट कागद तू नीट वाचलेस हे बघून कायदेवाला हबकला. मी नाही हबकले. स्क्रूचं पाकीट घेतलंस तरी त्यावरची सगळी अक्षरं वाचणारा माणूस तू.

माफीबद्दल तू काही लिहिलं नाहीस. ठीक आहे.

आता नवीन भानगड. वरच्या लोकांनी गेम बघितला. त्यांना सगळं आवडलं, तुझा आवाज तर फारच. म्हणून वाटाड्या गेला हे आवडलं नाही. तोडगा असा निघालाय की जाऊ दे जातोय तर, पण शेवटच्या टेकडीवर मुलगी हाक मारेल आणि तो परत येईल. कप्तान वाऱ्याबरोबर वळला. मला म्हणाला, "एकच ओळ आहे गं. एका ओळीने तुझी गोष्ट मरत नाही." त्याला ती मशीनकडून करून घ्यायची होती, पण तू सातवं कलम खोडून ठेवलंस. नटाचा आवाज मध्येच लावता येत नाही. तेव्हा ती ओळ तुझ्याकडूनच यायला हवी, आणि ती मागायचं काम माझ्याकडे आलं. एकतीस जुलैपर्यंत. नाही आली तर तो परत येत नाही, गेम आहे तसा जाईल आणि जे होईल ते माझ्या नावावर.

ओळ ही: "आलो गं. थांबलीस होय?"

फोनवर रेकॉर्ड करून खालच्या ईमेलवर पाठव, कपाटाची गरज नाही.

इथे खरं तर पत्र संपायला हवं. महिनाभर ज्या प्रसंगासाठी सगळ्यांशी भांडले तो ही एक ओळ मोडून टाकेल, हे मला कळतं. मी म्हणत होते, जाणारा जातो, हे सांगायची एकदा तरी हिंमत करा. आणि ही ओळ लिहायला बसले तर पहिल्या फटक्यात झाली. तरी सात वेळा लिहिली. ऑफिससाठी एकदा पुरली असती.

तेव्हा यावेळी कोणाच्या तोंडून न बोलता सांगते. कपाटातले तुझे कोट मी हलवलेले नाहीत. मला तू परत यायला हवा आहेस. ओळ नाही, तू. प्रसंग गेला खड्ड्यात.

मी


२ ऑगस्ट

तुझी फाईल एकतीस तारखेला दुपारी आली. मी एकटीने ऐकायला हवी होती. पण कप्तान, तारीखबाई सकाळपासून घिरट्या घालत होते, "आलं का, आलं का." तेव्हा कानसेनच्या खोलीत सगळ्यांसमोर लावली. मोठ्या स्पीकरवर.

तू म्हणालास, "ऐक."

मला वाटलं ओळीच्या आधीचं काहीतरी आहे. कानसेनला वाटलं, आवाज तपासतोय. मग तू बोलतच राहिलास. तू काय म्हणालास ते तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण मला ते आता पाठ आहे.

"ओळ वाचली. म्हणायला सोपी आहे, चार शब्द आहेत. पण आम्हाला कामावर पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवतात. आत अडकलेल्या माणसाला 'निघालोय, पोचतोच' असं निघाल्याशिवाय सांगायचं नाही. तो मग दार ठोकायचं सोडतो, ओरडायचं सोडतो, नुसता वाट बघत बसतो. मी निघालेलो नाही. निघेन असंही नाही. ही ओळ मी म्हटली तर तू दार उघडायला जाशील. तर मी म्हणत नाही. बाकीच्या वापर, त्या चांगल्या झाल्यात. राग आता राहिलेला नाही. सावकाश जेवत जा."

नंतर चार सेकंद तू बंद करायला विसरलास. मागे घर होतं. भांड्यांचा आवाज, कोणाची तरी पावलं, तुझी नव्हेत. कानसेनला सगळं ऐकू येतं. त्याने आवाज बारीक केला. मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही.

तारीखबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. शेवटी कप्तान म्हणाला, "राहू दे. तो परत येत नाही." तारीखबाईंनी मान हलवली. वरच्यांना काय सांगायचं ते मी सांगेन म्हणाल्या, आणि जाताना माझ्यासाठी दार उघडं धरून उभ्या राहिल्या.

म्हणजे जिंकले रे मी. एवढ्या मोठ्या गेममध्ये कोणी करत नाही ते आम्ही करतोय, असं आता कप्तान सगळ्यांना सांगत फिरतोय, जसं काही त्याचंच होतं. लोक माझ्या टेबलापाशी येऊन अभिनंदन करून गेले. मी सगळ्यांना थँक्यू म्हटलं, मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. मला हे नको होतं. मला त्या फाईलमध्ये चार शब्द हवे होते, आणि त्यासाठी मी चार वर्षांचं काम हसत बुडवलं असतं.

तू खोटं बोलला नाहीस याबद्दल तुझे आभार मानायला हवेत. आज जमत नाही.

मी


१७ ऑगस्ट

सावकाशराव,

हे शेवटचं. यात काही काम नाही आणि उत्तर नको आहे.

गेम परवा बाहेर पडला. लोक भांडतायत. कोणी म्हणतं फसवणूक आहे, कोणी म्हणतं आठवडाभर डोक्यातून जात नाही. कितीजण वाटाड्या गेल्यावर हाका मारतात ते आम्हाला इथे बसून दिसतं. जवळजवळ सगळे. थोडा वेळ मारतात आणि मग चालायला लागतात. त्या मिठात कायमचं कोणी बसून राहत नाही, हे मला लिहिताना माहीत नव्हतं.

तुझे कोट काल खोक्यात भरले. वन्सं रविवारी येऊन घेऊन जाणार आहेत.

आणि एक कळवायचं होतं. आज दुपारी दाराची बेल वाजली. मी भांडी घासत होते. फेसाचे हात, फडकं कुठेतरी पडलं, पाय टेबलाला आपटला, आणि मी धावत दारापर्यंत पोचले होते. तू ओळ म्हटली नव्हतीस. सरळ नाही म्हणाला होतास. तरी धावले. वरच्या मजल्यावरच्या आजींचं पार्सल होतं, त्या घरी नव्हत्या म्हणून माझ्याकडे ठेवून गेला. ओल्या हातानेच घेतलं.

त्या दिवशी तू जिना उतरताना धावायला हवं होतं मी. आज धावले, तेव्हा दारात पार्सलवाला होता.

मी